न सुकणारी भिंत

गिरगावातल्या आमच्या चाळीत, दुपारी सगळे कामाला गेले की आत्या खिडकीपाशी एकटी बसते. ते दृश्य मला तैलरंगात हवे होते. कॅनव्हास ताणणे, रेखाटन आणि बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा पहिला पातळ थर हे सारे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात उरकले. चित्र अडले ते खिडकीशेजारच्या रिकाम्या भिंतीशी, आणि त्या भिंतीने माझे साडेतीन महिने खाल्ले.

आत्याची आकृतीही एकदा बदलावी लागली, कारण एकटेपणा चेहऱ्यावर दाखवायचा अशी माझी समजूत होती. मी तिचे डोळे ओलसर केले आणि चित्र नाटकाच्या जाहिरातीसारखे दिसू लागले. “मी काय दिवसभर रडत बसते का रे? चहा निवायची वाट बघत असते,” असे ती म्हणाली, तेव्हा मी चेहरा पुसून तिला पाठमोरी केली. डॅनिश चित्रकार व्हिल्हेल्म हामरशोय १८९८ ते १९०९ या काळात कोपनहेगनमधल्या स्ट्रांडगेड ३० या घरात राहत असे. तिथल्या खोल्या त्याने पुन्हा पुन्हा रंगवल्या, कधी पाठमोऱ्या पत्नीसह, तर कधी अगदी रिकाम्या. त्या चित्रांतल्या करड्या भिंती पाहूनच मी या फंदात पडलो.

माझी पहिली भिंत काळ्यापांढऱ्या मिश्रणाची होती आणि ती नव्या सिमेंटसारखी निर्जीव दिसली. मग निळा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून करडा केला, जमिनीकडे किंचित यलो ऑकर घातला. रंग जमला, पण तो वाळेना. तैलरंगातले अळशीचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होते, आणि जुलैच्या दमट हवेत हे काम फारच रेंगाळते. हे ठाऊक नसल्याने मी तीन रात्री टेबलफॅन लावला आणि सकाळी भिंतीवर गादीचा कापूस चिकटलेला पाहिला. अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे तळचा थर दोन दिवसांत सुकला होता, पण भिंतीत मी टिटॅनियम व्हाइट भरपूर घातला होता आणि तेलही सढळ हाताने, दोन्ही मंद. नवव्या दिवशी न राहवून अंगठा लावला, त्याचा ठसा उमटला.

त्यातच एका दुकानदाराने “रातोरात सुकवतं” म्हणून एक बाटली गळ्यात मारली. जाड थरावर त्याचा परिणाम असा झाला की वरची साय घट्ट झाली, आत रंग ओलाच राहिला आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. सारी भिंत पॅलेट नाइफने खरवडताना मी त्याला काय काय म्हटले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आणखी एक सांगायचे राहिले: पावसाळ्यात ओले चित्र कपाटात ठेवू नये, अंधारात तेल पिवळे पडते आणि कॅनव्हासला बुरशी धरते ती वेगळीच.

खरवडलेल्या जागी जुन्या करड्याचे पापुद्रे उरले होते. त्यांवर मी टर्पेन्टाइनने पातळ केलेला, नावापुरते तेल असलेला रंग लावला, तो नीट सुकू दिला आणि जास्त तेलाचा हात सर्वांत शेवटी दिला. भिंतीला डिस्टेंपरचे अनेक हात खाल्लेल्या भिंतीचे वय आले. कॅलेंडर काढल्यावर उरलेला फिकट चौकोन आणि त्यावरचा गंजका खिळा रंगवला, तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. त्या चौकोनाने खोली जितकी रिकामी झाली, तितकी आत्याच्या ओल्या डोळ्यांनी कधीच झाली नव्हती, याचा मला अभिमान आहे.

वार्निशला अजून किमान सहा महिने थांबायचे आहे. आत्याने चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “खिळा दोन बोटं वर होता.”