मे महिन्यातलं नागपूर आणि काचेचे मणी

मे महिन्यात नागपूरला कोण जातं, असं घरी सगळ्यांनी विचारलं. पण समर कोर्स तेव्हाच होता, गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर काच वितळवून मणी करायला शिकायचं होतं आणि ते मला फार दिवसांपासून हवं होतं, म्हणून नाशिकरोडहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस पकडली. सकाळी उतरले तेव्हाच ऊन चटके देत होतं. स्टेशनवरून मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन थेट शंकर नगरला सोडते हे मात्र मस्त आहे. मावशीचं घर तिथून जवळच, खाली तर्री पोह्यांची गाडी, त्यामुळे नाश्त्याचा प्रश्नच नव्हता.

स्टुडिओ म्हणजे एका बंगल्याची मागची खोली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एलपीजी आणि ऑक्सिजनच्या टॉर्च, आणि कूलर टेबलाकडे वळवायचा नाही!! कारण तापलेल्या मण्यावर गार झोत आला की तो तडकतो. धूर बाहेर ओढणारा एक्झॉस्ट तेवढा चालू. पहिल्या दिवशी वाटलं हे कसं निभणार, पण एकदा काचेची कांडी ज्योतीत मऊ पडायला लागली की खरंच उकाडा आठवतच नाही.

काच बर्फासारखी एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, हळूहळू सैल होत जाते आणि सगळं कसब त्या मधल्या अवस्थेतच असतं. स्टीलच्या सळईवर मातीसारखा लेप लावून वाळवायचा म्हणजे मणी नंतर सुटून येतो, मग मऊ काच तिच्यावर गुंडाळायची आणि सळई सतत फिरवायची, नाहीतर काच खाली ओघळते. मॅडम मागून सारखं सांगायच्या, "हात थांबवू नका जी, फिरवत राहा, कायची घाई करून राहिल्या?" चष्मा डिडिमियमचा घालायचा. काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळीजर्द भडकते, तो उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, हा चष्मा नेमका तेवढाच गाळतो आणि अचानक आतली काच स्वच्छ दिसायला लागते. मला तो क्षण प्रचंड आवडला.

सगळ्यात जास्त शिकले ते थंड करण्याबद्दल. झालेला मणी लगेच किल्नमध्ये म्हणजे छोट्या विजेच्या भट्टीत, सोडा-लाइम म्हणजे नेहमीच्या साध्या काचेला साधारण ५०० ते ५२० डिग्रीवर थोडा वेळ ठेवून मग अगदी सावकाश खाली आणायचं. बाहेरचा थर आधी आकसला तर ताण आत अडकून राहतो आणि मणी काही दिवसांनीसुद्धा आपोआप फुटू शकतो. दोन पोलरायझिंग फिल्म (ठरावीक दिशेने कंप पावणाराच उजेड सोडणाऱ्या पारदर्शक पट्ट्या) आडव्या-उभ्या धरून मध्ये मणी ठेवला की तो ताण उजळ पट्ट्यांसारखा चक्क दिसतो. वेगवेगळ्या जातीच्या काचा एकत्र केल्या तरी हेच, कारण प्रत्येकीचं प्रसरण वेगळं, म्हणून रंग कितीही आवडला तरी कांडी कुठली आहे ते आधी बघायचं.

रविवारी काटोल रोडने माहुरझरीला गेलो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूर विद्यापीठाने इथे उत्खनन केलं, महापाषाणयुगीन शिळावर्तुळं म्हणजे मोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळं आहेत, आणि ही जागा ओळखली जाते ती मण्यांसाठी, कार्नेलियन, अ‍ॅगेट (अकीक) असे दगड घासून भोक पाडून केलेले. आम्हाला भोक सळईमुळे आयतं मिळतं, त्यांनी कठीण दगडात ते कोरलं. आठवडाभर मण्यांशी झटापट केल्यावर ती माणसं मला फार जवळची वाटली, उन्हात तिथून पाय निघेना.

कुणी जाणार असाल तर सुती कपडे आणि बंद बूट न्या, सिंथेटिक काहीच नको, ठिणगी पडली तर चिकटतं. पुढच्या उन्हाळ्यात मला बोरोसिलिकेट ही दुसऱ्या जातीची काच शिकायचीय, त्याला ज्योत अजून गरम लागते.