सोळाशे पिक्सेलची एक ओळ

फुलपाखरं, पतंग, चतुर, आणि समोर येईल तो किडा. मी यांचे फोटो काढते आणि वेबवर टाकते. कॅमेऱ्यातून येणारा फोटो ६०००×४००० पिक्सेलचा असतो. तेवढा मोठा फोटो बघणाऱ्याच्या स्क्रीनवर मावतही नाही, नुसताच उतरत बसतो. म्हणून मी लांब बाजू १६००वर आणते. एकेक फोटो उघडून मेनूतून आकार बदलण्याचा मला मनापासून कंटाळा आहे, आणि कंटाळलेल्या हाताने एखादा आकडा हमखास चुकतो. टर्मिनलमधल्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतल्या, एका ओळीला कंटाळा येत नाही.

माझी ओळ इमेजमॅजिकची आहे, म्हणजे कमांड देऊन चित्रं बदलणाऱ्या सॉफ्टवेअरची. जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली ड्यूपाँटमध्ये असताना हे काम सुरू केलं, तेव्हा फक्त २५६ रंग दाखवणाऱ्या पडद्यावर जास्त रंगांची चित्रं कशी दाखवायची हा प्रश्न होता. १९९० साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. इतकं जुनं सॉफ्टवेअर असल्यामुळे त्यात नाही असं काही नाही, आणि माहितीपुस्तिका वाचायला बसलं तर दिवस जातो. माझी ओळ अशी. इथे देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि गुणाकाराच्या चिन्हाच्या जागी साधं एक्स:

मॅजिक मॉग्रिफाय -पाथ वेब -ऑटो-ओरिएंट -प्रोफाइल एसआरजीबी.आयसीसी -रिसाइझ '१६००×१६००>' -अनशार्प ०×०.६ -स्ट्रिप -क्वालिटी ८२ *.जेपीजी

यातला प्रत्येक शब्द जिथे आहे तिथेच का आहे, ते सांगते.

मॉग्रिफाय मूळ फाइलवरच लिहितं. विचारत नाही, बजावत नाही. २४ मेगापिक्सेलचा फोटो गेला, सोळाशेचा उरला, विषय संपला. म्हणून 'पाथ' सगळ्यात आधी: तयार फोटो 'वेब' नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि मूळ फोटोंना हात लागत नाही. ते फोल्डर आधीच बनवून ठेवावं लागतं. आणखी एक खाच आहे. कॅमेऱ्याचे फाइल-क्रमांक ९९९९पर्यंत जातात आणि मग पुन्हा ०००१पासून सुरू होतात. दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाचे दोन फोटो असले आणि दोन्हींचं आउटपुट 'वेब'मध्येच टाकलं, की दुसरा पहिल्याला खाऊन टाकतो. म्हणून कार्डावरून उतरवतानाच मी एक्झिफटूल या फोटोतली माहिती वाचणाऱ्या साधनाने फोटोंना तारीख-वेळेची नावं देते. याचा दुसरा फायदा पुढे येईल.

मॉग्रिफायच का, याचं कारण मेमरी. ते एक फोटो उघडतं, संपवतं, मग पुढचा घेतं. नुसतं 'मॅजिक *.जेपीजी' म्हटलं तर सगळे फोटो एकदम मेमरीत ओढले जातात. आणि जेपेगची फाइल डिस्कवर कितीही लहान दिसो, उघडल्यावर प्रत्येक पिक्सेल सुटा होतो. इमेजमॅजिक ७च्या नेहमीच्या बांधणीत रंगाच्या एका चॅनेलला ४ बाइट लागतात, म्हणजे तीन चॅनेलचे १२. २४ दशलक्ष पिक्सेल धरले तर एकाच फोटोला २८८ मेगाबाइट. असे शंभर फोटो एकदम उघडले की मशीन डिस्कवर लिहायला लागतं आणि आपण पंख्याचा आवाज ऐकत बसतो.

'ऑटो-ओरिएंट' आणि 'स्ट्रिप' यांचा क्रम उलटा करू नये. कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये बहुतेक वेळा आडवाच साठवलेला असतो. एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, एक आकडा असतो, १ ते ८ यांपैकी, की दाखवताना कसा फिरवायचा. 'स्ट्रिप' तो आकडाही पुसतं. आधी पुसलं तर चतुर जन्मभर कुशीवर पडलेला. प्रोफाइलचंही, म्हणजे फाइलमधले आकडे नेमके कुठले रंग ते सांगणाऱ्या माहितीचंही, तसंच. ॲडोबी आरजीबीमध्ये काढलेल्या फोटोतून रंगांची ओळख नुसती काढून टाकली, तर ब्राउझर त्याला एसआरजीबी, म्हणजे वेबची नेहमीची रंगपद्धत, समजतो आणि केशरी पंख मळकट दिसतात. आधी रंग बदलून घ्यायचे, मगच ओळख पुसायची.

मग पुसायचंच कशाला? जागा वाचते हे खरं, पण माझं कारण वेगळं आहे. फोनने काढलेल्या फोटोत जीपीएसचे आकडे असतात. दुर्मीळ फुलपाखरू नेमकं कुठल्या झुडपावर बसतं ते मला जगाला सांगायचं नाही; जाळी घेऊन येणारेही इंटरनेट वाचतात. तारीख मात्र कीटकाच्या नोंदीत हवीच, आणि ती फाइलच्या नावात आधीच आलेली असते.

आता 'रिसाइझ'. १६००×१६०० म्हणजे चौकोन होत नाही, फोटो त्या चौकटीत प्रमाण न बिघडता बसतो. त्यामुळे उभ्या-आडव्या फोटोंसाठी वेगळी ओळ लागत नाही. पुढचं '>' चिन्ह सांगतं की चौकटीपेक्षा मोठा असेल तरच लहान कर. हे नसेल तर आधीच कापून छोटा केलेला फोटो ताणून सोळाशेचा होतो आणि पीठ पीठ दिसतो. आणि ती अवतरणचिन्हं शोभेची नाहीत. ती काढली तर शेल (टर्मिनलमध्ये आपली ओळ वाचणारा प्रोग्राम) '>'चा अर्थ 'आउटपुट फाइलमध्ये लिही' असा घेतं आणि पुढच्या शब्दाची, म्हणजे '-अनशार्प' नावाची, फाइल बनवून मोकळं होतं. ती फाइल पुसायलाही सरळ जात नाही, कारण पुसणारी कमांड तिला पर्याय समजते. नावाच्या आधी बिंदू आणि तिरकी रेघ द्यावी लागते. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर एकेरी अवतरण चालत नाही, दुहेरी द्यावं.

फोटो लहान होताना आत काय होतं, हा या सगळ्यातला माझा आवडता भाग. अनेक पिक्सेलांची सरासरी काढून एक पिक्सेल बनतो. पण फाइलमधले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. काळा ० आणि पांढरा २५५ यांची सरासरी इमेजमॅजिक १२८ काढतं. प्रत्यक्ष प्रकाश मोजला तर ती साधारण १८८ यायला हवी. काळ्या पंखावर बारीक पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू घ्या: नेहमीच्या पद्धतीने लहान केलं की ठिपके विझल्यासारखे दिसतात. उपाय म्हणजे 'रिसाइझ'च्या आधी '-कलरस्पेस आरजीबी' आणि नंतर '-कलरस्पेस एसआरजीबी', म्हणजे आकडे आधी प्रकाशाच्या सरळ प्रमाणात आणायचे आणि मग परत न्यायचे. ठिपके लगेच जागे होतात. मग हे नेहमीच का करू नये? कारण उजळ आभाळासमोरच्या काळ्या मिशा त्याच हिशोबाने बारीक होत होत नाहीशा व्हायला लागतात. पतंगाच्या मिशा गेल्या तर फोटो ओळखीच्या कामाचा राहत नाही. म्हणून माझ्याकडे दोन ओळी आहेत, गडद फोटोंसाठी एक आणि उजळ फोटोंसाठी एक, आणि कुठला फोटो कुठल्या ढिगात जाणार ते मी डोळ्यांनी ठरवते.

त्याच मिशांभोवती कधी कधी एक फिकट कड दिसते. लहान करताना इमेजमॅजिक सहसा लँझोस फिल्टर वापरतं, आणि ठळक कडेशी थोडी लहर उठवणं हा त्याचा स्वभाव आहे. वर 'अनशार्प', म्हणजे कडा ठळक करणारा पर्याय, जोरात लावलं तर कड आणखी वाढते. ०.६च्या पुढे मी जात नाही. फारच खटकलं तर '-फिल्टर मिचेल', थोडं मऊ पण शांत.

क्वालिटीचा आकडा टक्केवारी नाही, त्यामुळे ८२ म्हणजे १८ टक्के नुकसान असा हिशोब करू नये. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी: ९०च्या खाली गेलं की इमेजमॅजिक आपणहून रंगाची माहिती उभी-आडवी अर्धी करून साठवतं. डोळ्यांना एरवी कळत नाही, पण लालभडक चतुराच्या हिरव्या पानाला लागून असलेल्या कडेवर रंग ओघळल्यासारखे दिसतात. तिथे '-सॅम्पलिंग-फॅक्टर ४:४:४' जोडते. फाइल थोडी वाढते, वाढू दे.

शेवटचा '*.जेपीजी' लिनक्सवर लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतो. कॅमेरे मोठ्या अक्षरांत लिहितात, फोन बहुधा लहान. एवढं बघावं.

फोटो खूप असले तर फाइली शोधणाऱ्या 'फाइंड'चं आउटपुट त्या फाइली कमांडला वाटून देणाऱ्या 'एक्सआर्ग्ज'ला देऊन चार प्रोसेस समांतर चालवता येतात. फाइलींच्या नावात रिकाम्या जागा असतील तर 'फाइंड'ला '-प्रिंट०' आणि 'एक्सआर्ग्ज'ला '-०' द्यावं. इमेजमॅजिक स्वतःही अनेक थ्रेड (एका प्रोसेसमधली समांतर कामं) वापरतं, त्यामुळे चौघेही एकमेकांच्या पायात येतात; मॅजिक_थ्रेड_लिमिट १ केलं की गर्दी कमी होते.

यादीच्या पानावरची ३००×३००ची चौकोनी लघुचित्रं मी लिबव्हिप्स या दुसऱ्या चित्र-सॉफ्टवेअरच्या व्हिप्सथंबनेलने करते. ते चित्र तुकड्यातुकड्याने वाचतं, म्हणून मेमरी कमी लागते. त्याला कापायची जागा स्वतः शोधायलाही सांगता येतं, 'स्मार्टक्रॉप अटेन्शन' म्हणून. पण त्याचं लक्ष भडक रंगाकडे जातं. पिवळ्या फुलावरचा करडा पतंग असला की चौकोनात फूल येतं आणि पतंगाचा एक पाय. तेवढे फोटो वेगळे काढून मी अजूनही हातानेच कापते.