वॉर्सातली रोजनिशी : आठशे झ्वॉटी

25 ऑगस्ट 2025, सोमवार

ऑफिसातून परतताना ट्रॅममध्ये ज्याच्या त्याच्या फोनवर तीच बातमी. पोलंडचे राष्ट्राध्यक्ष करोल नव्रोत्स्की यांनी युक्रेनी निर्वासितांच्या मदतीची मुदत वाढवणारा कायदा सही न करता परत पाठवला. पदावर येऊन अजून तीन आठवडेही झालेले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा की, मुलामागे दरमहा मिळणारे 800 झ्वॉटी (झ्वॉटी हे इथलं चलन) फक्त काम करणाऱ्या युक्रेनी आईबापांनाच मिळावेत. जुन्या कायद्याची मुदत सप्टेंबरअखेर संपते. त्यानंतरचं काहीच ठरलेलं नाही.

हे पैसे माझ्या मुलीलाही मिळतात. काम करण्याची मुभा असलेलं निवासपत्र जवळ असलं की आमच्यासारख्या परदेशी माणसांनाही अर्ज करता येतो. एप्रिल 2016 मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा 500 झ्वॉटी होते आणि तेही बहुतेकांना दुसऱ्या मुलापासून. 2019 मध्ये पहिलं मूलही धरलं गेलं, 2024 पासून 800 झाले. आईबाप किती कमावतात हे कुणी विचारत नाही. डॉक्टरच्या मुलालाही 800, झाडलोट करणारीच्या मुलालाही 800. या देशातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. मूल आहे ना, मग त्याचे पैसे आहेत, विषय संपला.

रात्री माझ्या युक्रेनी मैत्रिणीचा फोन आला. ती खार्किवची, तिथं शाळेत गणित शिकवायची. इथं एका हॉटेलात खोल्या आवरते. जुलैत मनगटाचं ऑपरेशन झालं, हात अजून पट्ट्यात आहे आणि तात्पुरत्या करारावर असल्याने महिन्याची कमाई निम्म्याहून खाली आली आहे. नवरा सैन्यात. मुलगा माझ्या लेकीच्याच वर्गात. तिनं एवढंच विचारलं, "तू हिशेबाचं काम करतेस ना, मग सांग, आता काय होईल?" मला सांगता आलं नाही.

27 ऑगस्ट, गणेशचतुर्थी

तांदळाची पिठी आशियाई दुकानातून आणली, ती जाडसर निघाली. उकड फाटत होती. तरी एकवीस मोदक झाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बोलावलं होतं. खार्किवची मैत्रीण आणि तिचा मुलगाही आले. आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. येताना आपल्या बागेतल्या काकड्यांची खारवलेली बरणी घेऊन आल्या. शहराच्या कडेला त्यांचा छोटा बागेचा तुकडा आहे, "जाउका" म्हणतात इथं. उन्हाळाभर त्यांचा मुक्काम तिथंच. मोदक हातात घेऊन त्यांनी कळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, ही तर गोड पिएरोगी, फक्त उभी केलेली. पिएरोगी म्हणजे इथल्या उकडलेल्या करंज्या. आजींना गूळखोबरं फार आवडलं.

मग बोलणं त्याच विषयावर घसरलं. आजी सरळ बोलतात. "मी कुणाचं वाईट चिंतत नाही. 2022 साली माझ्या घरात दोघीजणी चार महिने राहिल्या. पण पैसा हवा तर आधी काम." मैत्रीण मान खाली घालून आरती ठेवलेलं ताट नीट करत बसली. तिला पोलिश सगळं कळतं.

आजींच्या त्या चार महिन्यांबद्दल मला ठाऊक आहे. सरकार त्या वेळी घरात ठेवून घेणाऱ्याला माणशी दिवसाला 40 झ्वॉटी देत होतं. आजींनी ते मागितलेच नव्हते. त्यांना कठोर म्हणणं मला जमणार नाही.

म्हणून मी त्यांच्या मुलाची गोष्ट काढली. तो 2005 साली इंग्लंडला गेला. 1 मे 2004 ला पोलंड युरोपियन युनियनमध्ये आला आणि ब्रिटननं पहिल्या दिवसापासून दारं उघडली, तेव्हा अशी लाखो पोरं गेली. पीटरबरोजवळ भाजी पॅकिंगच्या कारखान्यात तो लागला, मागून सूनही गेली. दोन्ही नातवंडं बरीच वर्षं इथंच, या आजींजवळ. त्यांच्यासाठी ब्रिटनचा बालभत्ता यायचा. पहिल्या मुलाला आठवड्याला 20 पौंड 30 पेन्स. हे सगळं आजींनीच मला मागे सांगितलं होतं. जानेवारी 2014 मध्ये डेव्हिड कॅमेरून यांनी पोलंडमध्ये राहणाऱ्या मुलांना हा भत्ता पाठवणं थांबवायला हवं असं म्हटलं, तेव्हा आजी टीव्हीसमोर बसून रडल्या होत्या, हेही त्यांनीच सांगितलेलं. परराष्ट्रमंत्री रादोस्वाफ शिकोर्स्की यांनी तेव्हा ठणकावलं होतं की, आमची माणसं तुमच्याकडे कर भरतात, तर त्यांच्या मुलांचा वाटा आमच्या करदात्यांनी का उचलावा? आज पुन्हा तेच परराष्ट्रमंत्री आहेत.

"माझा मुलगा राबत होता," आजी म्हणाल्या. "रात्रपाळीत. थंडगार गोदामात."

"हीसुद्धा राबते," मी म्हटलं.

त्यावर आजी काही बोलल्या नाहीत. जाताना मैत्रिणीच्या मुलाच्या हातात त्यांनी आपल्या वाटणीचा मोदक ठेवला. मला ते आवडलं, आणि पुरेसं वाटलं नाही.

1 सप्टेंबर

शाळा सुरू. सगळी मुलं पांढऱ्या शर्टात. माझ्या लेकीच्या शेजारी तोच बसला.

9 सप्टेंबर

आज ऑफिसात पगारपत्रकं करता करता वाटलं की ही भांडणं करणाऱ्या प्रत्येकाला एक पगारपत्रक नीट वाचायला द्यावं. माझं कामच ते. निवृत्तिवेतनासाठी 9.76 टक्के, अपंगत्वासाठी 1.5, आजारपणासाठी 2.45, मग उरलेल्यावर 9 टक्के आरोग्यासाठी, मग प्राप्तिकर. पोलिश नाव असो, युक्रेनी असो की माझ्यासारखं कोल्हापुरी, रकाने तेच. "परदेश्यांसाठी कमी" असा रकाना नाही.

दुपारी जेवताना एक सहकारी म्हणाला, आमच्या विम्याच्या हप्त्यांतून हे त्यांना पोसतात. हे चुकीचं आहे. 800 झ्वॉटी विमा संस्था फक्त वाटते. पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे सगळ्यांच्या करांतून येतो. साध्या भाकरीवर बसलेल्या मूल्यवर्धित करातूनसुद्धा. त्या तिजोरीत युक्रेनी लोकही टाकतात. सरकारच्याच विकास बँकेनं हिशेब मांडला आहे: 2024 साली त्यांनी कर आणि हप्ते मिळून सुमारे 15 अब्ज झ्वॉटी भरले, आणि त्यांच्या मुलांवर या योजनेत सुमारे 2.8 अब्ज खर्च झाले. मी त्याला आकडा सांगितला. तो म्हणाला, आकड्यांचं काय, माझ्या चाळीत बघ. चाळ म्हणजे त्यांचे ते दहामजली ब्लॉक.

खरं तर आकड्यावर हा वाद जिंकता येईल असं मलाही वाटत नाही, आणि जिंकावासाही वाटत नाही. कारण उद्या आकडे उलटे निघाले तर? तर काय त्या पोराच्या बुटांची गरज संपेल?

इथं एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती कुणाला सांगितलेली नाही. 2022 च्या मार्चमध्ये, युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते, तेव्हा माझ्या निवासपत्राचा अर्ज अकरा महिने पडून होता. आई कोल्हापुरात आजारी होती आणि मला हलता येत नव्हतं, कारण बाहेर पडले तर परत येता येईल याची खात्री नव्हती. आणि युक्रेनमधून आलेल्या बायकांना नवा कायदा होताच ओळख क्रमांक, काम, शाळा, भत्ता असं सगळं मिळत होतं. स्टेशनवर मी सूप वाटायला जात होते. वाटता वाटता मनात कळ उठायची, की यांना लगेच, आणि मी? बॉम्बखालून आलेल्या बाईकडे बघून मला हे वाटलं. ती कळ कुठून येते हे मला आतून माहीत आहे. म्हणूनच ट्रॅममध्ये कुणी कुरकुर करतं तेव्हा मला तो माणूस परका वाटत नाही. त्याला कुणीतरी रांगेत फार वेळ उभं केलेलं असतं. पण रांग लावणारा पुढे खिडकीत बसलेला असतो, शेजारी उभी असलेली बाई नव्हे. मला हे कळायला बरेच महिने लागले.

28 सप्टेंबर, रविवार

सुधारलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली. निर्वासितांचं संरक्षण मार्चपर्यंत वाढलं. पण 800 झ्वॉटींना आता अट: परदेशी आईबापांपैकी अर्ज करणाऱ्याची कमाई किमान वेतनाच्या निम्मी तरी हवी, आणि मूल पोलिश शाळेत हवं. अपंग मुलांच्या पालकांसारखे काही अपवाद आहेत. किमान वेतन यंदा 4666, म्हणजे निम्मं 2333. आणि ही अट फक्त युक्रेनी लोकांना नाही, युनियनबाहेरून आलेल्या आम्हा बाकीच्यांनाही आहे.

शाळेची अट मला पटते. चार वर्षं पडद्यावरच्या वर्गात काढलेलं मूल एकटं पडतं. मैत्रिणीच्या मुलाचं पहिल्या वर्षी तेच झालं होतं. वर्गात बसू लागला आणि दोन महिन्यांत माझ्या लेकीला पोलिश शिव्या शिकवू लागला.

कामाच्या अटीवर मात्र मी दिवसभर अडले आहे. वरवर ती रास्तच दिसते. माझी नोकरी पक्की आहे, तेव्हा माझ्या मुलीचे पैसे सुरू राहतील. पण आजवर ते तिचे होते. आता ते माझ्या वागणुकीचे झाले. ऑफिसनं उद्या मला काढलं, मनगट माझं मोडलं, तर त्या महिन्यात तिचं मूलपण कमी होणार का? आणि तिच्या शेजारच्या बाकावरच्या पोलिश मुलीची आई घरी असते, तिला कुणी विचारणार नाही. विचारूही नये. मुलांत हा भेद पडू नये म्हणून तर ही योजना मला मोठी वाटत होती.

मैत्रिणीचा सप्टेंबरचा हिशेब मी केला. 1900 च्या आसपास. तिनं कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

1 नोव्हेंबर

आज इथला गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, सगळं वॉर्सा कबरस्तानात. काचेच्या झाकणातले दिवे, शेवंतीची फुलं, ट्रॅमला जादा गाड्या. दिवाळी जाऊन दहा दिवस झाले आणि माझ्या खिडकीतल्या पणत्या अजून काढलेल्या नाहीत. पहिल्या वर्षी हे दिवे बघून मला रडू आलं होतं, आता मी वाट बघते.

आजींना पोव्होंझ्कीला नेलं, यजमानांच्या कबरीवर. नंतर मी त्यांना विचारलं, थकला नसाल तर एक जागा दाखवू का. मैत्रीण आणि मुलं सोबत होतीच. क्रासिन्स्की बागेच्या बाजूला दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कासिनोच्या लढाईचं मोठं स्मारक आहे, त्याच्या शेजारी 2017 मध्ये कोल्हापूरचं छोटं स्मारक झालं. गेल्या वर्षी पंतप्रधान मोदी वॉर्साला आले तेव्हा तिथं फुलं वाहून गेले. आजींनी मोठं स्मारक शंभरदा पाहिलं होतं, हे कधी नाही.

मी त्यांना सांगितलं. 1940 पासून सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून घरंच्या घरं उचलून सैबेरियात नेली. सुटका झाली तेव्हा ती माणसं इराणमार्गे जिथं जागा मिळेल तिथं पांगली. त्यातली सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, 1943 पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली, पाच वर्षं. बराकी, चर्च, शाळा, नाटकघर. माझे आजोबा उचगावचे. छावणीत दूध घालायला जायचे. म्हणायचे, त्या बायका दुधाला "म्लेको" म्हणत, आणि मापात एक थेंब कमी पडला तरी ओळखत. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर तेच.

आजी बराच वेळ दगडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांची मावशी आफ्रिकेत, टांगानिकातल्या तेंगेरूच्या छावणीत होती, तिथूनच पुढे कॅनडाला गेली. हे मला माहीत नव्हतं. "पण आमचा खर्च लंडनमधलं आमचं सरकार करत होतं," त्या म्हणाल्या. "कुणाच्या ताटातलं नव्हतं."

हे खरं आहे. वळिवड्याचाही खर्च मुख्यतः युद्धकाळात लंडनला आसरा घेतलेल्या त्या पोलिश सरकारनंच उचलला. मी कोल्हापूरच्या नावानं त्यांना ओशाळवायला आणलं होतं का, असा प्रश्न माझा मलाच पडला, आणि उत्तर फारसं चांगलं नव्हतं. आजोबांनी दुधाचे पैसे घेतलेच होते. पण कोल्हापुरानं जमीन दिली, पाणी दिलं, आणि त्या मुलांच्या आया काम करतात की नाही हे आजोबांनी कधी विचारल्याचं मी ऐकलं नाही. तेवढंच बोलले. आजी हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पिशवीतला उरलेला एक दिवा त्यांनी दगडापाशी ठेवला. वाऱ्यात काडी टिकेना, तेव्हा मैत्रिणीच्या मुलानं दोन्ही हातांचा आडोसा केला.

परतीच्या ट्रॅममध्ये मैत्रीण माझ्याशी हळू आवाजात बोलत होती. पट्टा निघाला आहे, एका बेकरीत सोमवारी चाचणीला बोलावलंय, पाळी पहाटे पाचची. मुलाला शाळेत कोण सोडणार? मी सकाळी सहाला निघते, माझा नवरा त्या आठवड्यात पोझनानला.

आजी समोरच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "त्याला सकाळी काय लागतं, कोको की चहा?"

"कोको," मुलगा म्हणाला.

"मग रविवारी रात्रीच आण त्याला. पहाटे चारला माझी बेल वाजवायची नाही."