बिनापासिंगची ई-स्कूटी अन् एका कागदासाठी महिनाभर चकरा

आम्ही सेलूचे. पोरीच्या कॉलेजसाठी बॅटरीवाली स्कूटी घेतली. दुकानदार म्हणला पासिंग नको, लायसन नको, इन्शुरन्स नको, चावी घ्या अन् निघा. पासिंगचा खर्च वाचतोय म्हणून मीही खूश झालो.

दोन महिन्यांनी पोरीला रस्त्यात तपासणीला अडवलं अन् टाइप अप्रूव्हलचं सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल तपासून मंजूर केल्याचा कागद, मागितलं. आमच्याकडं नुस्तं बिल. मी पळत गेलो तेव्हा साहेबांनी सांगितलं की मोटर 250 वॅटच्या आत, स्पीड ताशी 25 किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत अन् त्या मॉडेलला एआरएआयसारख्या टेस्टिंग संस्थेची मंजुरी, एवढं सगळं असेल तरच पासिंग लागत नाही. कागद आणून दाखवा म्हणले, गाडी सोडली.

मग सुरू झाल्या दुकानदाराकडं चकरा. पहिल्यांदा म्हणला कंपनीकडून मागवतो, मग म्हणला मेल केलाय, मग फोनच उचलंना, चौथ्या चकरेला म्हणतो आजवर कुणीच मागितला नाही हो. अरे पण गाडी विकतानाच द्यायला पाहिजे होता ना तो कागद! पोरगी महिनाभर एसटीनं गेली, गाडी अंगणात उभी, माझं डोकं नुस्तं तापलेलं. शेवटी मी दुकानात गिऱ्हाइकांसमोरच बसून राहिलो, कागद द्या नाहीतर पैसे द्या, तेव्हा कुठं तासाभरात व्हॉट्सअॅपवर आला. म्हणजे महिनाभर फक्त फिरवत होता मला.

कागद आला तर त्यावर 25 अन् आमची गाडी पळायची 38 नं! दुकानदारानंच स्पीडचं लॉक काढून दिलेलं. तिथंच उभं राहून परत बसवून घेतलं. तुमची गाडी 25 च्या वर पळत असेल तर खूश होऊ नका, ती नियमातून बाहेर जाते, मग पासिंग, लायसन सगळंच लागतं.

अन् मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, की ज्या पासिंगच्या पैशाला मी भ्यायलो, ती फीच ई-गाड्यांना ऑगस्ट 2021 पासून केंद्रानं माफ केलीय. पेट्रोलच्या दुचाकीला 300 रुपये लागतात. आपल्याकडं ई-दुचाकीला रोड टॅक्सही माफ. इन्शुरन्सचा खर्च तेवढा लागतो. पासिंग केलं की हिरवी नंबरप्लेट मिळते, रस्त्यात कुणी अडवलं तर काळजी नाही.

हो, अन् कागदावरचं मॉडेलचं नाव बिलावरच्या नावाशी जुळवून बघा, पैसे द्यायच्या आधी. आमची कॉपी आता लॅमिनेट करून डिक्कीत ठेवलीय.