पुरात बुडालेली ०७०: सहाव्या रविवारपर्यंतचं काम

मशीन आहे श्टील ०७०, लाकूड कापायचं पेट्रोलवरचं चेनसॉ. आमच्याकडं सगळे त्याला 'स्टीलचं कटर' म्हणतात आणि स्टील म्हणजे धातू असंच धरून चालतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. ते आंद्रेआस श्टील या जर्मन माणसाचं आडनाव, कंपनी १९२६ ची. इंजिन १०५.७ सीसी, बोअर (सिलेंडरचं आतलं भोक) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४० मिमी. बार-चेन (पाती आणि साखळी) सोडून नुसतं इंजिनच दहा किलोच्या घरात. चेन ब्रेक नाही, हँडलला हादरे शोषणारे रबरी बुश नाहीत. चालवणाऱ्याची कीव करायची पद्धत नव्हती तेव्हाचं यंत्र.

मालक माझे मामा, गाव कोल्हापूरजवळचं चिखली. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा हे मशीन गोठ्याच्या माळ्यावर होतं. माळाही बुडाला. त्यानंतर कुणी हात लावला नाही. यंदा मी मागितलं तर मामा म्हणाले, "ने की. भंगारवाला किलोवर घेणार, त्यापेक्षा तू खेळ."

पहिला रविवार नुसता चिखल काढण्यात गेला. नदीचा काळा गाळ सिलेंडरच्या पंख्यांत विटेसारखा बसला होता. पाण्यानं सुटेना, स्क्रूड्रायव्हरनं पंखे मोडायची भीती. शेवटी बांबूच्या कामट्या तासून एकेक फट कोरली. पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सम प्रमाणात ओतून आठ दिवस ठेवलं, मग लाकडाच्या ठोकळ्यानं हलके ठोके देत सिलेंडर वर काढला.

केसिंगवर पांढरी भुकटी आली होती. ते मॅग्नेशियमचं ओतीव. फाउंड्रीतल्या मित्रानं फोटो बघूनच फोन केला: ग्राइंडर लावू नकोस, त्याची धूळ पेटते आणि पेटल्यावर पाणी मारलं तर आणखी भडकते. सगळं पितळी ब्रशनं, हातानं, ओलं ठेवून घासलं.

बोअरमध्ये गंज असणार, असं मी धरून चाललो होतो. गंज होता, पण रिंग जिथं अडकली होती तिथंच, एका रेघेत. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र उभे ओरखडे होते, पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेलं. हे पाण्याचं काम नव्हे. पाणी ओरबाडत नाही. चालू इंजिन तापून पिस्टन भिंतीला घासला की असं होतं. मामांना फोन लावला. "पुराआधी कसं चालायचं?" तर म्हणाले, "गरम झालं की मधीच बंद पडायचं. थोडा वेळ सावलीत ठेवलं की परत चालू." इथं माझ्या डोक्यात दिवा लागला, पण पुरता नाही. मला वाटलं, पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं असेल. मामांचं माप म्हणजे बाटलीचं झाकण, आणि झाकण कुठल्या बाटलीचं ते दरवर्षी बदलणार.

सिलेंडर घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनांचे लायनर करण्यात जिथं पिढ्या गेल्या, तिथं पहिला सल्ला ठरलेला. मेस्त्री बोट फिरवून म्हणाले, "बोअर मारू, ओव्हरसाइज पिस्टन टाकू, विषय संपला." बिडाच्या बोअरला हे शंभर टक्के बरोबर. पण हा ॲल्युमिनियमचा सिलेंडर, आतून कडक क्रोमचा पातळ थर. टूल लावलं की थर गेला आणि खाली मऊ धातू उघडा. मेस्त्रींनी नखानं खरवडून बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "मग ह्याला हात लावू नगा."

चिकटलेलं ॲल्युमिनियम घरीच काढलं. बाथरूम धुवायचं ॲसिड, कापसाची काडी, हातमोजे, चष्मा, आणि काम उघड्या गच्चीवर. काडी टेकवली की ॲल्युमिनियम असेल तिथं लगेच फेस येतो. ॲसिड क्रोमलाही खातं, म्हणून तिथं रेंगाळू द्यायचं नाही. फेस थांबला की पुसायचं, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, परत. पोर्टच्या (भिंतीतल्या हवा-धुराच्या भोकांच्या) कडेला ॲसिड जाऊ द्यायचं नाही, तिथं उघडं ॲल्युमिनियम असतं. चार फेऱ्यांत भिंत नखाला गुळगुळीत लागली. क्रोम शाबूत.

पिस्टन-रिंगचा नवा सेट मागवला. रिंग नुसती बोअरमध्ये सरकवून फट मोजली, ०.३ मिमी, चालेल. पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या सोबतच्या सर्क्लिप मात्र बोटानं वाकत होत्या, त्या टाकून दुसऱ्या घेतल्या. तिथं काटकसर करू नका, क्लिप सुटली तर सिलेंडरच जातो. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं.

क्रँकची बेअरिंग नवी, सी-३ क्लिअरन्सची, म्हणजे आतली फट जरा जास्त. रात्रभर फ्रीजरमध्ये, आईच्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी. केसिंग रंग काढायच्या हॉट एअर गननं तापवलं, पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडेल एवढं. बेअरिंग आपलं आपण आत पडलं. टक्. हातोडा लागलाच नाही.

आता खरा भाग: इंजिन कुठून हवा गळतं का ते बघायचं. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं सायकल ट्यूबचं रबर आणि पत्री लावून बंद केली, डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (चालू करताना दाब सोडणारा) बंद, आणि प्लगच्या भोकातून वडिलांच्या जुन्या बीपी मशीनचा फुगा जोडला. सर्व्हिसवाले या चाचणीला अर्धा बार दाब देतात, म्हणजे पाऱ्याचे ३७५ मिमी. बीपीचा डायल ३०० लाच संपतो, म्हणून मी २५० पर्यंत फुगवलं. काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागला. साबणाचं पाणी फिरवलं तर मॅग्नेटच्या बाजूच्या, शाफ्टभोवतीच्या रबरी सीलपाशी बारीक बुडबुडे, मोहरीएवढे, एकाच जागेतून. सील नवंकोरं! काढलं, दुसरं नवं बसवलं, तेच. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

तिसऱ्या दिवशी क्रँकचा शाफ्ट बॅटरीच्या उजेडात तिरका धरला तेव्हा दिसलं. सीलचं ओठ जिथं फिरतं तिथं शाफ्टवर गोल चर पडलेली. दिसायला केसाएवढी, पण नख अडकतं. चकचकीत घासलेली चर, गंजाची खड्ड्याखड्ड्यांची नव्हे. म्हणजे ती वर्षानुवर्षं फिरून पडलेली, पुराच्या कितीतरी आधीची. तिथून हवा आत जाणार, मिश्रण पातळ होणार (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापणार, पिस्टन घासणार. सावलीत ठेवलं की परत चालू होणार. झाकणाबद्दल मनातल्या मनात मामांची माफी मागितली.

उपाय सोपा निघाला. सील तळापर्यंत न ठोकता मिलीमीटरभर बाहेर ठेवलं, म्हणजे ओठ चरीच्या शेजारी कोऱ्या धातूवर बसतं. परत २५० पर्यंत फुगवलं आणि चहा प्यायला गेलो. आलो तरी काटा तिथंच.

बाकीचं भराभर. ठिणगीचे पॉइंट घासून फट ०.४ मिमी, नवा कंडेन्सर, प्लगची फट ०.५. कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम (रबरी पडदे) पापडासारखे कडक झालेले, बदलले. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल, जुन्या रबराला ते सोसत नाही. आपल्याच उसाचा रस आपल्याच डायफ्रॅमला खातो, तक्रार कुणाकडं करणार? काम झालं की टाकी रिकामी करतो आणि कार्ब्युरेटर कोरडा होईतो चालवतो. ऑइल साधं टू-स्ट्रोकचं, म्हणून १:२५, लिटरला ४० मिली. कंपनीच्याच ऑइलला १:५० चालतं. माप आता औषधाच्या सिरिंजनं.

सहाव्या रविवारी, कार्ब्युरेटरचे दोन्ही स्क्रू एकेक वळसा उघडे ठेवून, नवव्या ओढीला चालू झालं. गल्लीतली कुत्री पळाली. पूर्ण गॅसला मुद्दाम जाड मिश्रण ठेवलंय, रिकामं चालताना बुडबुड आवाज येतो. बार अजून लावलेला नाही. चेनला ऑइल कमी येतंय, तो पंप उघडायचाय. हवा ओढून घेऊन करायची उलटी चाचणीही बाकी, कारण दाबाला टिकणारं सील ओढीला टिकेलच असं नाही. ती होईपर्यंत लाकडाला लावणार नाही.

संध्याकाळी मामांना व्हिडिओ पाठवला, चरीचाही फोटो पाठवला आणि समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे पुराच्या आधीच गेलतं म्हण की." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "हे गावात बोलू नकोस. पंचनाम्यात पुरात गेलं म्हणून लिहून दिलंय मी."