तुम्ही विचारलंत म्हणून: कोलंबोच्या विमानतळावरचा एक दिवस

मालवणच्या बाजारात अजून कोणीतरी अडवून विचारतंच, "काकी, मेलबर्नाक जाताना मधी थंय दिवसभर काय केलंस गो?" विचारणाऱ्यांत आता अशाही बायका आहेत, ज्यांना मुलीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला एकटीनं परदेशी जायचंय. त्यांच्यासाठी नीट लिहून ठेवते.

मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला गेले तेव्हा जावयांनी मुंबई–कोलंबो–मेलबर्न असं तिकीट काढलं होतं. सकाळी कोलंबोला उतरायचं, पुढचं विमान रात्री. तो अख्खा दिवस मी एका खुर्चीत काढला. पिशवी मांडीवर, पासपोर्ट मुठीत. संध्याकाळपर्यंत पाय असे सुजले की चप्पल चढेना. दुसऱ्या खेपेला, फेब्रुवारीत, पुन्हा तेच तिकीट आलं, तेव्हा बाहेर पडायचंच असं मनाशी ठरवलं.

आधी नकाशा बघितला, आणि तिथंच अर्धं काम झालं. कोलंबोचा विमानतळ कोलंबोत नाहीच, तो कटुनायकेला आहे. शहर तिथून दक्षिणेला तीसेक किलोमीटर, वाटेत गर्दी. उत्तरेला मात्र साधारण १० किलोमीटरवर निगोंबो, समुद्र आणि खाडीच्या मधे वसलेलं मासेमारांचं गाव. जावई म्हणत होते, "आई, कोलंबोतलं गंगारामय मंदिर बघून या." मंदिर सुंदरच असणार. पण आम्ही गाबीत, म्हणजे मासेमारीवर जगणारी माणसं. सुकी मासळी विकून मी दोन मुलं शिकवली. परक्या गावात चार तास मिळत असतील तर ज्यातलं मला कळतं ते बघावं, असं मला वाटलं. अनोळखी शहरातल्या दहा जागा धावत बघण्यात मला काही राम दिसत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. श्रीलंकेत विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं तर ईटीए म्हणजे ऑनलाइन परवानगी लागते. ती घरूनच काढावी, आणि फी-नियम बदलत असतात म्हणून तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच बघावं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर मोठी बॅग मुंबईतच थेट मेलबर्नपर्यंत टाकता येते. काउंटरवर "बॅग शेवटपर्यंत जाते ना?" असं तोंडानं विचारा आणि चिकटवलेली चिठ्ठी स्वतः वाचा, शेवटच्या शहराची खूण तिच्यावर असते. दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅग मधे उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागते, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं कोणी थांबवून धरत नाही. तसं असेल तर बाहेर जायच्या भानगडीत पडू नका. परतायची वेळही आधीच ठरवा. मी विमानाच्या चार तास आधी दारात हजर राहायचं ठरवलं होतं. तिथलं घड्याळ आपल्यासारखंच चालतं, तेवढा एक हिशेब वाचतो.

थोडे पैसे बदलून घेतले आणि निगोंबोला जायला रिक्षा केली. तिला तिथं थ्री-व्हील म्हणतात.

बंदराच्या आधीच वास आला आणि मी रिक्षात सरळ बसले. आमच्या मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर येतो तोच, खारवलेल्या मासळीवर ऊन पडल्याचा. वाळूवर काथ्याच्या चटया अंथरलेल्या, एकीला लागून एक, लांबच लांब, आणि त्यांवर मासळी. बाजूला पिंपांत खारं पाणी, त्यात साफ केलेले मासे मुरत टाकलेले. एक बाई वाकून चटईवरचे मासे उलटत होती, दोन्ही हातांनी, शेपटीला धरून, एका वेळी दोन. मीही तसंच उलटते.

पाण्यात एक होडी उभी होती. एका अंगाला बाहेर लाकूड बांधलेलं. आमच्याकडे रापणीच्या होडीला असते ती उलांडीच! तिथं त्या होडीला ओरुव म्हणतात. मी कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिले.

मला सिंहली येत नाही, त्या बाईला हिंदी येत नव्हतं. मासळीला ती 'मालु' म्हणाली, सुक्याला 'करवल'. मग पिंपाशेजारच्या पोत्यात हात घालून मूठभर मीठ दाखवलं आणि म्हणाली, "लुणु." मी मनात घोळवलं: लुणु, लवण, लोणचं. अंगावर काटा आला. पलीकडे कोणी मासे मोजत होतं, त्यातला 'दहय' कानावर पडला. दहा!

तिच्या सुरीखाली मासा पोटाकडून उघडत होता. आम्ही बांगडा पाठीवरून चिरतो, पोट जोडलेलं ठेवून पुस्तकासारखा उघडतो. मी हातानंच खूण करून दाखवलं. तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि सुरीची मूठ माझ्यापुढे केली. मी पदर खोचला, उकिडवी बसले आणि एक मासा चिरून तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला, काट्यावरून अंगठा फिरवला, खाऱ्या पाण्यात टाकला आणि दुसरा मासा माझ्यापुढे सारला. असे सात-आठ झाले. मग तिनं शहाळं फोडून दिलं. पैसे घेतले नाहीत.

तिच्याकडून करवल मात्र विकत घेतलं नाही, जीव तुटत असूनही. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची वस्तू कार्डावर लिहून दाखवावी लागते, लपवली तर दंड होतो. बाळंतिणीच्या घरी जाताना तो ताप कशाला?

ठरल्या वेळेच्या आधीच परत आले. हात साबणानं तीनदा धुतले. रात्री विमानात चांगली झोप लागली, पाय सुजले नाहीत.

आता माझ्या खळ्यातही जुन्या जाळ्याऐवजी काथ्याच्या चटया आहेत. खालून वारा खेळतो, मासळीला वाळू लागत नाही. हव्या असतील तर या, दाखवते. आणि निगोंबोला जाणार असाल तर तिकीट रविवारचं काढू नका. तिथले बरेच मासेमार कॅथलिक आहेत, त्या दिवशी मासळीबाजार बंद असतो.