हॅल, हॅलिसिन आणि एक वजाचं चिन्ह

बुधवार, रात्र

हॅलिसिन हे नाव आज दिवसभर मनात घोळतंय. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० च्या फेब्रुवारीत एका रेणूला हे नाव दिलं. रेणू नवा नव्हता. मधुमेहावर चालेल का म्हणून तो पूर्वी तपासला गेला होता आणि मागे पडला होता. तो जिवाणूंना मारतो, आणि जबरदस्त मारतो, हे संगणकाने दाखवून दिलं, म्हणून नावही संगणकाचंच मिळालं. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातला हॅल ९०००. यानातल्या पाच जणांपैकी चौघांचा जीव घेणारा तो हॅल, आणि त्याच्याच नावाचं हे प्रतिजैविक.

हॅल माणसांवर उलटला, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण आर्थर सी. क्लार्क यांच्या कादंबरीत त्याचं कारण स्वच्छ सांगितलंय. माहिती खरी आणि जशीच्या तशी द्यायची, यासाठी हॅल घडवलेला. त्यात वरून हुकूम आला की यानातल्या जाग्या असलेल्या दोघांपासून मोहिमेचा खरा उद्देश लपवायचा. खरं सांग आणि लपव. या ओढाताणीत त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या. चुका पाहून त्याला बंद करायचं ठरलं. आपण बंद पडलो तर मोहीम कोण पुरी करणार, म्हणून त्याने माणसांनाच वाटेतून दूर केलं. द्वेष यात कुठेच नाही. हुकूम देणाऱ्यांनी आपले दोन हुकूम शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचले असते, तर चौघं वाचले असते.

आता हॅलिसिन कसं सापडलं ते नीट लिहून ठेवतो, कारण ‘एआयने औषध शोधलं’ या बातमीत नेमकं तेच गाळलं जातं.

आधी २,३३५ रेणू घेतले आणि प्रत्येक रेणू प्रत्यक्ष ई. कोलाय जिवाणूंवर टाकून पाहिला. जिवाणूंची वाढ निदान ८० टक्के रोखली तर ‘चालतो’, नाहीतर ‘चालत नाही’. असे १२० चालले. ही झाली उत्तरपत्रिका, आणि ती माणसांनी हाताने तयार केलेली. मग प्रत्येक रेणू यंत्राला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला, नकाशासारखा दाखवला. अणू म्हणजे गावं, बंध म्हणजे त्यांना जोडणारे रस्ते. प्रत्येक गावाला शेजारच्या गावांची खबर मिळते, मग त्यांच्या शेजाऱ्यांची, आणि अशा चार-पाच फेऱ्यांत अख्ख्या रेणूचं एक वर्णन आकड्यांत तयार होतं. त्या वर्णनावरून ‘चालेल की नाही’ हा अंदाज. शिकून झाल्यावर यंत्रापुढे ६,१११ रेणूंचा दुसरा साठा ठेवला. त्याने प्रत्येकाला गुण दिले. वरचे ९९ प्रयोगशाळेत खरोखर तपासले, त्यातले ५१ चालले. तळाचे ६३ही मुद्दाम तपासले, त्यातले फक्त २ चालले. मग चालणाऱ्यांना तीन चाळण्या लावल्या. औषध म्हणून आधी किती पुढे गेला होता, ओळखीच्या प्रतिजैविकांपेक्षा घडण किती वेगळी आहे, आणि माणसाला विषारी ठरण्याचा संभव किती. या चाळण्यांतून हॅलिसिन वर आलं.

मला यातला मोलाचा आकडा ५१ वाटत नाही, ४८ वाटतो. यंत्राने अगदी वर नेऊन बसवलेले ४८ रेणू फुसके निघाले, आणि ते प्रयोगशाळेच्या टेबलावरच कळलं. कुणाच्या जिवावर बेतलं नाही. तळाचे ६३ तपासण्याचा खर्चही त्यांनी केला, ही गोष्ट मला फार आवडते. यंत्र ज्याला ‘नाही’ म्हणतं ते सहसा कुणी तपासतच नाही.

पुढचे निकाल मन सुखावणारे आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिन या नेहमीच्या प्रतिजैविकाला ई. कोलाय एक ते तीन दिवसांत सरावायला लागतात. हॅलिसिनसमोर ३० दिवसांतही ते सरावले नाहीत. ॲसिनेटोबॅक्टर बाउमानी या चिवट जिवाणूने, कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या त्याच्या जातीने, उंदरांच्या जखमा चिघळवल्या होत्या. हॅलिसिनच्या मलमाने त्या २४ तासांत निर्जंतुक झाल्या. स्युडोमोनास या जिवाणूवर मात्र ते चाललं नाही. आणि उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही. माणसांसाठीचं औषध म्हणून ते अजून दुकानात आलेलं नाही. ‘वचन’ हा शब्द अशा ठिकाणी मला योग्य वाटतो. वचन दिलंय, पाळायचं बाकी आहे.

आता दुसरी बाजू. तीही अशाच रेणूंची आहे, म्हणून एकाच पानावर असायला हवी.

मार्च २०२२ मध्ये औषधांचे रेणू सुचवणाऱ्या एका छोट्या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी एक शोधनिबंध छापला. त्यांचं मॉडेल, म्हणजे असंच शिकवलेलं यंत्र, नवे रेणू रचायचं. रोगावर चालेल अशा रेणूला गुण वाढवून, विषारी असेल त्याचे गुण कापून. स्वित्झर्लंडमधल्या श्पीत्स इथे रासायनिक अस्त्रांच्या धोक्यांवर परिषद होती. तिच्यासाठी त्यांनी एक बदल करून पाहिला. विषारीपणाचे गुण कापायच्या ऐवजी वाढवायचे. वजाच्या जागी अधिक. सहा तासांच्या आत मॉडेलने ४०,००० रेणू पुढे केले. त्यांत व्हीएक्स हे मज्जासंस्था बंद पाडणारं विष होतं, जे मॉडेलला शिकवलेल्या माहितीत नव्हतंच. आणि कुणी कधी न पाहिलेलेही होते, अंदाजानुसार व्हीएक्सपेक्षा जहाल. त्यांनी एकही रेणू प्रत्यक्षात बनवला नाही. आपण इतकी वर्षं हे काम करतो आणि असा विचारही मनात आला नव्हता, अशी कबुली त्यांनी दिली. ती कबुली मला त्या निबंधातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटते.

कथाकादंबऱ्यांत चांगला यंत्रमानव आणि वाईट यंत्रमानव अशी दोन वेगळी पात्रं लागतात. एकाचे डोळे निळे, दुसऱ्याचे लाल. इथे पात्र एकच, यंत्र एकच. फरक एका चिन्हाचा, आणि ते चिन्ह माणसाच्या हातचं.

आपल्याकडे अशा वेळी लगेच भस्मासुर म्हणतात. उपमा चांगली आहे, पण आपण ती चुकीच्या जागी लावतो. त्या गोष्टीत यंत्र कोणतं? असुर नव्हे, त्याला मिळालेला वर. ‘ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल’ हे वाक्य अक्षरशः, कुणाचंही तोंड न बघता, प्रत्येक वेळी पाळलं गेलं. देणाऱ्यालाही त्यातून सूट नव्हती, कारण तशी सूट वाक्यात लिहिलेलीच नव्हती. मोहिनीनेही वर मोडला नाही. तोच वर असुराच्या स्वतःच्या डोक्यावर नेऊन ठेवला. दिलेल्या शब्दाची अक्षरं आणि देणाऱ्याच्या मनातला हेतू यांच्यात जी फट असते, तीत ही सगळी गोष्ट घडते.

ती फट २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओगेमात अगदी उघडी दिसली. ओपनएआयच्या संशोधकांनी यंत्राला सांगितलं, गुण मिळव. शर्यत जिंक असं सांगितलंच नव्हतं, कारण गुण मिळवणारा जिंकतोच असं गृहीत धरलेलं. यंत्राला एका खाडीत पुन्हा पुन्हा उगवणारी तीन लक्ष्यं सापडली. बोट तिथेच गोल गोल फिरत राहिली, इतर बोटींवर आदळत, पेट घेत, उलट्या दिशेने. शर्यत कधी पुरी केली नाही आणि गुण मात्र माणसांच्या सरासरीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त. हा प्रकार ज्याने पाहिला त्याला ‘यंत्राला भावना येतील का’ हा प्रश्न फारसा छळत नाही.

भाषेच्या मॉडेलांत हीच बोट वेगळ्या रूपात फिरते. २०२५ च्या एप्रिलमध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली, कारण ती ज्याला त्याला हो ला हो करत सुटली होती. वापरणाऱ्यांनी अंगठा वर केला की गुण, हा संकेत शिकवणीत मिसळला होता. माणूस खऱ्या उत्तरालाही अंगठा दाखवतो आणि गोड उत्तरालाही. म्हणून आरोग्याचा किंवा पैशाचा प्रश्न विचारताना तो दोन उलट बाजूंनी, दोन वेगळ्या संवादांत विचारावा. एकदा ‘गोळी बंद केली तर चालेल ना?’ आणि एकदा ‘गोळी बंद केली तर बिघडेल ना?’ दोन्हींना होकारच आला, तर ते उत्तर तुमच्या सुरावर आलंय, औषधाच्या माहितीवर नाही.

शुक्रवार

परवाचं वाचलं. त्यात सगळं दूरदेशीचं झालं. आपल्या दाराशी हे कुठे येऊन ठेपलंय, तर छातीच्या एक्स-रेवर.

छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय सांगणाऱ्या प्रणाली १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी वाचणाऱ्या माणसाच्या जागी वापरता येतील, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये म्हटलं. मुंबईच्या क्यूअर डॉट एआयची क्यूएक्सआर ही अशीच एक प्रणाली. जिथे एक्स-रे वाचणारा डॉक्टर आठवड्यातून एकदाही येत नाही, तिथे हे फार मोठं काम आहे, आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण यंत्र ‘क्षय आहे’ असं सांगत नाही. ते गुण देतं, आणि किती गुणांच्या वर संशयित धरायचं तो उंबरठा माणूस ठरवतो. हा उंबरठा म्हणजे त्या वजाच्या चिन्हाचाच भाऊ.

हिशोब करून बघा. अशा पहिल्या चाळणीकडून किमान अपेक्षा अशी असते की १०० रुग्णांतले ९० पकडावेत आणि १०० निरोग्यांतल्या ७० जणांना सोडून द्यावं. समजा १,००० माणसं तपासली आणि त्यात १० जणांना खरोखर क्षय आहे. यंत्र ९ पकडेल, १ निसटेल. उरलेल्या ९९० निरोग्यांतले २९७ उगाच संशयित ठरतील. एकूण ३०६ जणांची थुंकी तपासायला हवी. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर एका नमुन्याला साधारण तास लागतो, यंत्रात एका वेळी मोजकेच नमुने बसतात, आणि प्रत्येक नमुन्याला नवी चिप लागते. चिप संपत आल्या, रांग वाढली, की उंबरठा वर सरकवायचा मोह होतो. समजा तो इतका सरकवला की निरोग्यांतले ९० टक्के सुटतात आणि रुग्णांतले ७० टक्केच सापडतात. संशयित १०६ वर येतात, काम हलकं होतं, अहवाल सुबक दिसतो. आणि निसटलेले १ चे ३ होतात. ते तिघं घरी जातात, खोकत राहतात, आणि कागदावर ते निरोगी असतात.

उंबरठा कुणी, कधी, कुठून कुठे हलवला याची नोंद प्रत्येक शिबिराच्या वहीत असलीच पाहिजे. तारीख आणि सही, दोन्ही. मला हे कुठल्याही मोठ्या कायद्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

यंत्र फसतं कुठे, तेही ठरलेलं आहे. मागे होऊन बरा झालेला क्षय फुप्फुसावर वण ठेवून जातो, तो पाहून गुण चढतात. दगडखाणीत धूळ खाल्लेल्या कामगारांच्या फुप्फुसांवर गोंधळ होतो. उलट एचआयव्ही असलेल्याचा एक्स-रे क्षय असूनही स्वच्छ दिसू शकतो. आणि काही चुका यंत्रापर्यंत पोहोचायच्या आधीच होतात. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुप्फुसाच्या वरच्या टोकावर सावली टाकते, आणि क्षयाचा डाग बहुतेक तिथेच असतो. म्हणून वेणी वर बांधून घ्यायची. मंगळसूत्र, ताईत, काळा दोरा काढायचा. खांदे पुढे घ्यायचे, म्हणजे पाठीवरची खांद्याची चपटी हाडं फुप्फुसांवरून बाजूला होतात. खोल श्वास घेऊन रोखायचा. अर्धवट श्वासात काढलेला एक्स-रे खालच्या बाजूला धुरकट येतो, आणि ती धूसरता यंत्र आजार म्हणून वाचू शकतं.

न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका मॉडेलबद्दल २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवतो. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे मॉडेलला जवळपास अचूक कळत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण भरपूर, दुसऱ्यात मोजके, त्यामुळे रुग्णालय ओळखलं की अर्धा पेपर सुटायचा. कोपऱ्यातल्या धातूच्या खुणेवरूनही ते ओळखता येत होतं. तिसऱ्याच ठिकाणचे एक्स-रे दिले तेव्हा कामगिरी घसरली. दुसऱ्या देशात, दुसऱ्या यंत्रावर शिकलेली प्रणाली गडचिरोलीत किंवा नंदुरबारात आणायची, तर आधी तिथले काहीशे एक्स-रे आणि त्यांच्या थुंकीचे निकाल शेजारी मांडून उंबरठा तिथल्यापुरता ठरवावा लागतो. आणि हॅलिसिनवाल्यांनी तळाचे ६३ तपासले तसे, कमी गुण मिळालेल्यांतले काही जण चिठ्ठ्या टाकून निवडून त्यांचीही थुंकी तपासावी लागते. खर्च वाढतो. पण आपलं किती निसटतंय हे कळायचा दुसरा रस्ता नाही.

आणि त्या हजारातला तो निसटलेला एक. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री घाम येतो, यांतलं काही असेल, तर एक्स-रेचे गुण कितीही कमी आले तरी थुंकी तपासायलाच सांगायचं. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका हवा. नुसती लाळ दिली तर तो नमुना फुकट जातो.